पाच महिने पाळी नाही, एफएसएच नॉर्मल, मग अडलंय कुठे?

नेरूळची_मुलगी:
वय २६. आधी पाळी अगदी वेळेवर यायची, आता पाच महिने झाले पत्ताच नाही. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी पाळी यायची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली, १० दिवस घेतली तरी काही नाही. मग हार्मोन्ससाठी रक्त तपासलं, एफएसएच ४.१ आणि एलएच १.२ (ही दोन अंडाशयांना चालना देतात), इस्ट्राडिओल म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन २० च्या खाली, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) १३, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) २.३. लॅबवाले म्हणाले बहुतेक सगळं रेंजमध्येच आहे, आई म्हणते मग पीसीओडीच असणार, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास. मला खरंच भीती वाटायला लागलीय, कोणाला काही कळतंय का?

कळव्याची_ताई:
अगं एकेक आकडा सुटा नको बघूस. इस्ट्रोजेन घसरलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने एफएसएच वाढवायला हवं, तुझं इस्ट्राडिओल तळाला गेलंय आणि एफएसएच तरी ४ वरच, म्हणजे हे नॉर्मल नाहीच, वरून मेंदूकडूनच अंडाशयांना निरोप जात नाहीये. अंडाशयं लवकर थकली असती तर एफएसएच २५ च्या वर गेलं असतं. पीसीओडीत शरीरात इस्ट्रोजेन असतं म्हणून गोळी संपल्यावर बहुतेकींना ब्लीडिंग होतं, तुला झालं नाही. वजन खूप उतरलंय का?

नेरूळची_मुलगी:
हो, ७ महिन्यांत ११ किलो. रोज इथल्या ज्वेल पार्कला १० किमी धावते आणि रात्रीचं जेवण बंद केलंय. सगळे कौतुकच करत होते.

ठाणे_वेस्ट:
ताईंचं पटतंय. माझं उलटं होतं, प्रोलॅक्टिन ७८ आलं, एमआरआयपर्यंत गोष्ट गेली, घरी नुसती रडारड. मग एका डॉक्टरांनी विचारलं अ‍ॅसिडिटीची कुठली गोळी चालू आहे, त्यात डोमपेरिडोन होतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ती बंद करून परत टेस्ट केली तर २१. म्हणून सगळ्या गोळ्यांची लिस्ट घेऊन जा, केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असलीस तर तेही सांग, त्याने काही हार्मोनचे रिपोर्ट चुकतात.

कळव्याची_ताई:
११ किलो आणि रात्रीचं जेवण नाही, बाळा हेच कारण असू शकतं. पण स्वतःच ठरवून मोकळी होऊ नकोस, एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखव. नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर ब्लीडिंग आलं तर ती खरी पाळी नसते, मूळ दुखणं तसंच राहतं आणि इस्ट्रोजेन नसलं की आतल्या आत हाडं झिजतात, ते मला जास्त काळजीचं वाटतं. आजपासून रात्री पोटभर जेव, धावणं कमी कर. आणि डोकं सारखं दुखत असेल किंवा बाजूचं नीट दिसत नसेल तर ते डॉक्टरांना आधी सांग.