चावी कुंडीखाली

डी-३०१ : गोवा सहल पक्की. शनिवारी मंगेशी, शांतादुर्गा आणि जेवण. रविवारी सकाळी एका बालकाश्रमात तासभर थांबू, मुलांना वह्या आणि खाऊ वाटू. आपली बच्चेकंपनीही काही शिकेल. कोणाची हरकत?

बी-२०४ : आजोबा, देवदर्शन मस्त. आश्रमाचं तेवढं काढूया का? आमच्या टूर कंपनीने असल्या भेटी बंदच केल्यात.

डी-३०१ : अगं, वह्या वाटण्यात वाईट काय?

बी-२०४ : वह्या पाठवू की कुरियरने. गेल्या शनिवारी आम्हाला दिवसभर ट्रेनिंग होतं. ऑफिसवाले, गाईड, ड्रायव्हर, सगळे एकाच हॉलमध्ये. विषय होता पर्यटनात मुलांचं शोषण कसं होतं आणि आपल्या नजरेला पडलं तर काय करायचं. सुरुवात थेट मडगावपासून. फ्रेडी पीट्स तिथे मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवायचा. १९९१ साली पोलिसांनी त्याला पकडलं, तेव्हा मुलांच्या अश्लील फोटोंचा साठा सापडला. परदेशातून पुरुष यायचे ते पाहुणे म्हणून. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आपण चांगल्या मनाने जातो हो, पण कोणीही अनोळखी माणूस खाऊचा पुडा घेऊन तासाभरात मुलांच्या खोलीपर्यंत पोचतो, धोका तिथेच आहे. शिवाय आपण त्यांचे फोटो काढून स्टेटसला ठेवणार.

डी-३०१ : पीट्सची केस आठवते मला. पेपरात रोज यायचं. बरं, कुरियर.

ए-१०६ : ग्रुपवर असले विषय नकोत प्लीज. पोरं पण फोन बघतात.

ए-७०१ (सेक्रेटरी) : पोरांसाठीच चाललंय, वहिनी. चालू द्या.

सी-१०२ : ताई, ड्रायव्हरना पण बोलावलं होतं? आम्हाला कोण विचारतंय. आम्ही म्हणजे स्टिअरिंग.

बी-२०४ : दादा, उलट ड्रायव्हरच सगळ्यात जास्त बोलले. आम्ही ऑफिसात बसून बुकिंग बघतो. गाडीत मागे काय चाललंय ते त्यांनाच ऐकू येतं.

सी-१०२ : मग माझं पण ऐका. मागच्या वर्षी एक पार्टी होती, पाच जण. रात्री अकराला हॉटेलच्या खाली सिगारेट ओढत एकाने विचारलं, इथे सोय होईल का, लहान वयाची पाहिजे. मी म्हटलं, साहेब, माझी पोरगी आठवीत आहे. पुढचे दोन दिवस गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही, शेवटी टीप पण नाही. एजंटला सांगितलं तर म्हणतो, तू गाडी चालव. पोलिसात मी पण गेलो नाही, खोटं कशाला बोलू. नुसतं विचारलं म्हणून काय तक्रार लिहिणार?

बी-२०४ : दादा, हॉलमध्ये एकाने अगदी हेच विचारलं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ मध्ये गुन्हा झालाय एवढंच नाही, होईल अशी भीती वाटली तरी कळवायचं आहे. पुरावे गोळा करणं आपलं काम नाही. तारीख, वेळ, हॉटेल, गाडीचा नंबर आणि तो माणूस नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, मग १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ वर फोन. चांगल्या हेतूने कळवलं तर आपल्यावर कारवाई होत नाही, हेही कायद्यातच आहे. माहीत असून गप्प बसलं तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कंपनीच्या प्रमुखाने दाबला तर त्याला वर्षापर्यंत. हे ऐकून आमचे साहेब खुर्चीत सरळ बसले 😄

आणखी एक, त्या माणसाशी भांडायचं नाही, मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही. मूल घाबरतं आणि तो माणूस त्याला घेऊन निघून जातो.

बी-६०५ : जरा स्पष्टच बोलतो. मी एकटा बाप आहे. लेकीला घेऊन कुठे गेलो की रिसेप्शनवर सगळे माझ्याकडे बघतात. आता तुमच्या ट्रेनिंगनंतर प्रत्येक बाप संशयित का?

बी-२०४ : नाही हो दादा. रिसेप्शनवाल्यांना पढवतात तेच मुळी चेहरा बघून नका ठरवू. सगळ्यांना एकच नियम, दोघांचं ओळखपत्र आणि नातं रजिस्टरमध्ये. गोव्यात तर २००३ च्या बालकायद्यातच आहे. मूल कुटुंबासोबत किंवा नातेवाइकांसोबत राहतंय अशी नोंद नसेल तर त्याला हॉटेलच्या खोलीत सोडायचंच नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर. मुलाला विचारलं तरी मोठाच उत्तर देतो, मुलाला आपण कुठल्या गावात आलोय तेच सांगता येत नाही, सामान एकाचंच, साफसफाईला दोन दिवस दार उघडत नाहीत. यातली एकच गोष्ट असली तर काहीच नाही. तीन-चार जुळल्या की मॅनेजरला सांगायचं.

बी-६०५ : हं. गणपतीपुळ्याला एका लॉजवर काउंटरवरच्या मावशी माझ्याशी बोलल्याच नाहीत. लेकीलाच विचारलं, बाळा, हे कोण? ती म्हणाली, बाबा, आणि हे खूप घोरतात. मावशी हसल्या, चावी दिली. त्या वेळी मला राग आला होता.

ए-७०१ (सेक्रेटरी) : हे सक्तीचं आहे का कंपन्यांना?

बी-२०४ : कायदा सगळ्यांना लागू, काका. ट्रेनिंगचं म्हणाल तर ‘द कोड’ म्हणून एक आचारसंहिता आहे, १९९८ पासून, स्वीडनमधून सुरू झालेली. कंपनीने आपण होऊन सही करायची, मग स्टाफला ट्रेनिंग, हॉटेलांशी करारात तसं कलम, प्रवाशांना माहिती आणि दर वर्षी अहवाल. आपल्या पर्यटन मंत्रालयानेही २०१० मध्ये ‘सुरक्षित आणि सन्माननीय पर्यटन’ अशी संहिता आणली. खरं सांगते, बऱ्याच ठिकाणी ती फ्रेम करून भिंतीला टांगतात, पण रात्रपाळीच्या पोराला कोणी काही सांगत नाही. आणि रात्री दोन वाजता काउंटरवर तोच एकटा असतो.

ए-५०३ : मी मघापासून वाचतेय. आमचा कांदोळीचा फ्लॅट ॲपवर भाड्याने देतो. तिथे तर काउंटरच नाही. बुकिंग करणाऱ्याचं आधार फोनवर येतं, केअरटेकर चावी कुंडीखाली ठेवतो. आत कोण जातं ते मी तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. आम्हाला पण तो कायदा लागतो का?

बी-२०४ : काकू, राहण्याची सोय देणाऱ्या सगळ्याच जागा त्यात येतात.

ए-५०३ : थांबा, त्याला फोन लावते.

सी-१०२ : ताई, पुढच्या ट्रेनिंगला बाहेरचा ड्रायव्हर चालतो का? स्टँडवरचे अजून चौघे येतील. फक्त रविवारी नको, रविवारी धंदा असतो.

बी-२०४ : विचारते, दादा. नक्की.

ए-५०३ : बोलले त्याच्याशी. म्हणतो, बाई, मी कपडे धुवायला घेतो ना, त्यावरून कळतं. मागच्या आठवड्यात दोघांचं बुकिंग होतं आणि टॉवेल तीन ओले. मी विचारलं, तिसरं कोण? म्हणे, मी बघितलं नाही, चावी कुंडीखाली होती. मला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, तुम्ही कधी विचारलं नाही.

असेल कोणाचा मित्र, बीचवरून अंघोळीला आलेला. पण मला ते तीन टॉवेल डोळ्यांसमोरून जाईनात.

कुंडी काढायला सांगितली आहे. यापुढे चावी हातात द्यायची, रजिस्टरवर सगळ्यांची नावं. शुक्रवारच्या रेल्वेने मी स्वतः जातेय, तो लिहायला कंटाळतो. ताई, तुमच्या ट्रेनिंगचा तो कागद मराठीत आहे का? त्याला इंग्रजी वाचता येत नाही.