मदत हवी आहे: वेस्टर्न ब्लॉटमध्ये रीलिन अँटिबॉडीने ४०० किलोडाल्टनचा पट्टा येत नाही

परळ_लॅब: रीलिन या मेंदूतल्या मोठ्या प्रथिनासाठी वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीने ओळखायची). उंदराच्या ७ दिवसांच्या पिल्लांच्या कॉर्टेक्सचं (मेंदूच्या बाह्यस्तराचं) लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क), लेनमागे ३० मायक्रोग्रॅम. १० टक्के जेल, सेमी-ड्राय ट्रान्स्फर (बफरने ओल्या कागदांमध्ये ठेवून जेलमधली प्रथिनं पडद्यावर उतरवणं) १ तास. अँटिबॉडी जी-१० क्लोन, १:१०००. वर काहीच नाही, ५० आणि २५ ला मात्र ठळक पट्टे. पार्सल आलं तेव्हा आइसपॅक वितळलेले होते. मुंबईच्या मे महिन्यात अँटिबॉडी वाया गेली असेल का?

चौथी_लेन: अँटिबॉडी टाकू नका. काही तासांच्या उकाड्याने आयजीजी (अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार) सहसा मरत नाही. ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वापरा, छोटे भाग करून ठेवा.

खरी अडचण जेलची आहे. एवढं मोठं प्रथिन १० टक्के जेलमध्ये वेलपाशीच (नमुना भरायच्या खाचेपाशीच) अडकतं, आणि थोडंफार आत शिरलं तरी सेमी-ड्रायमध्ये तासाभरात पडद्यावर उतरत नाही. ३-८ टक्के ट्रिस-ॲसिटेट जेल घ्या. ०.४५ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा, वेट ट्रान्स्फर (सगळं बफरमध्ये बुडवून), कोल्ड रूममध्ये ३० व्होल्टवर रात्रभर. बफरमध्ये मिथेनॉल १० टक्क्यांवर नको, त्याने जेल आकसतं आणि मोठी प्रथिनं आतच बसतात, ०.०५ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट) घातलं की ती सुटतात. ट्रान्स्फरनंतर जेल कूमासीने (प्रथिनं निळी करणाऱ्या रंगाने) रंगवा. वरचा भाग निळा दिसला तर माल अजून जेलमध्येच आहे.

डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) ताजं हवं. रीलिनचे रेणू डायसल्फाइड बंधांनी जोडीने राहतात. जोडी सुटली नाही तर पट्टा आणखी वर जातो.

परळ_लॅब: मग ५० आणि २५ चे पट्टे? तुकडे असतील ना?

चौथी_लेन: नाही. या अँटिबॉडीला दिसणारे रीलिनचे नेहमीचे तुकडे साधारण ३०० आणि १८० ला येतात. जी-१० उंदराची अँटिबॉडी, ऊतीही उंदराची. त्यामुळे अँटी-माउस सेकंडरी (उंदराच्या अँटिबॉडीला चिकटून पट्टा दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) ऊतीत उरलेल्या रक्तातल्या आयजीजीच्या जड आणि हलक्या साखळ्या पकडते. पडद्याची एक पट्टी फक्त सेकंडरीने करा; तेच पट्टे आले तर शंका मिटली. पुढच्या वेळी मेंदू काढण्याआधी बर्फगार पीबीएसने (खारट बफरने) परफ्यूजन करा, म्हणजे रक्त धुऊन काढा, आणि लायसिस बफरमध्ये प्रोटिएझ इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) विसरू नका.

कोल्डरूम: दोन गोष्टी राहिल्या. साधा मार्कर (आकार मोजायला लावलेलं ज्ञात आकारांच्या प्रथिनांचं मिश्रण) २५० लाच संपतो, ४६० पर्यंतचा घ्या. आणि या जेलवर ॲक्टिन खालून निसटतं. लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये माल सारखा आहे का ते दाखवणारं प्रथिन) म्हणून व्हिन्क्युलिन लावा, ते ११७ ला नीट बसतं.