डेक्कन कॉलेजचे स्थापनावर्ष नेमके कोणते धरावे?

प्रश्न:
पुण्याच्या डेक्कन कॉलेजवर एक टिपण लिहीत आहे. वाचनात १८२१, १८६४ आणि १९३९ अशी तीन वर्षे येतात. स्थापनेचे वर्ष म्हणून यांपैकी कोणते द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
१८२१ द्यावे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जात असे, तिच्याच निधीतून पाठशाळेचा खर्च भागवण्यात आला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे नव्या सत्तेला पुण्यातील शास्त्रीमंडळींचा रोष टाळायचा होता, हे सहज लक्षात येते. पुढे १८५१ मध्ये सरकारी इंग्रजी शाळा या पाठशाळेत विलीन होऊन 'पूना कॉलेज' झाले. १८६४ हे केवळ 'डेक्कन कॉलेज' या नामांतराचे वर्ष आहे.

प्रतिसाद २:
१८६४ ला 'केवळ' म्हणणे मला पटत नाही. येरवड्याच्या दगडी इमारतीचे काम त्याच सुमारास सुरू झाले, त्यात जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या देणगीचा मोठा वाटा होता आणि १८६८ पासून कॉलेज तेथे भरू लागले. टिळक आणि आगरकर याच वास्तूत शिकले. टिळकांची खोली आजही जपून ठेवलेली आहे.

प्रतिसाद ३:
इमारतीचा विषय निघालाच आहे, तर १९३९ चा उलगडाही तिथेच होतो. सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली असल्याने वास्तूचा उपयोगही शिक्षणासाठीच झाला पाहिजे, या मुद्द्यावर ते न्यायालयात गेले आणि अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा उघडले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांचे काम इथलेच. १९४८ मध्ये हाती घेतलेल्या संस्कृत शब्दांच्या महाकोशासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून वेचलेल्या शब्दांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या खणांत ओळीने लावलेल्या आहेत. संधी मिळाल्यास त्या अवश्य पाहाव्यात. १९३९ ला स्थापना म्हटले, तर त्या माजी विद्यार्थ्यांच्या लढ्यावर अन्याय होईल, कारण त्यांनी नवी संस्था मागितली नव्हती, आपलेच कॉलेज परत मागितले होते. टिपणात १८२१ द्यावे आणि १९३९ पुढे 'पुनरारंभ' असे स्पष्ट लिहावे.