ग्रीक मुळाचे वैद्यकीय शब्द: तोडायचे कुठे, जोर कुठे द्यायचा?

शब्दवेडी: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ग्रीक तुकडे ओळखीचे झाल्यामुळे अर्थ चटकन लागतो, पण मोठ्याने वाचताना अडतं. उदा. खोकल्यातून रक्त पडणं म्हणजे हिमॉप्टिसिस. 'हीमो' रक्त, 'प्टिसिस' थुंकणं. मग उच्चारही तिथेच तोडायचा का? काही नियम आहेत, की सगळं पाठच करायचं?

मूळाक्षर: नियम आहेत, आणि पाठांतर बरंच वाचतं. अर्थाची तोड आणि बोलण्याची तोड वेगळी ठेवा. अर्थासाठी हीमो + प्टिसिस, पण बोलताना हि-मॉप्-टि-सिस. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला प्न, प्स, प्ट हे जोड उच्चारत नाहीत, म्हणून न्यूमोनिया, सोरायसिस, टेरिजियम यांतला प लिहिला जातो पण ऐकू येत नाही. तोच जोड मध्ये आला की प मागच्या सिलॅबलला (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) चिकटतो आणि टिकतो: अ‍ॅप्-नि-आ.

जोरासाठी शब्दाचा शेवट बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी. -लॉजी, -टमी, -स्कोपी, -ग्राफी असेल तर जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर. कार्डिऑलजीत 'ऑ'वर, लॅपरॉटमीत 'रॉ'वर. म्हणजे दोन तुकडे सांधणारा जो 'ओ', नेमका त्याच्यावरच जोर येतो! शेवटी 'इक' आलं की जोर त्याच्या लगेच आधी सरकतो: लॅपरॉस्कोपी, पण लॅपरस्कॉपिक. -आयटिसमध्ये कायम 'आय'वर. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारखीच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला शब्द लागत नाही.

रुग्णसेवक: थोडी भर. सीएच म्हणजे बहुतेक वेळा क: ब्राँकायटिस, इस्कीमिया. सुरुवातीचा एक्स म्हणजे झ: झायफॉइड. 'जी' या अक्षराचा उच्चार पुढच्या स्वरावर अवलंबून: मेनिंजायटिस, पण मेनिंगोकॉकस.

शब्दवेडी: सांध्यावरच्या 'ओ'चं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार! आणि ऑफ्थॅल्मॉलजी की ऑप्थॅल्मॉलजी?

मूळाक्षर: शब्दकोशांत दोन्ही सापडतात. मी 'ऑफ्' म्हणायला सांगेन, स्पेलिंगमधला पीएच त्यामुळे लक्षात राहतो. डिफ्थीरियाचंही तसंच. मेरियम-वेबस्टर या इंग्रजी शब्दकोशाच्या संकेतस्थळावर उच्चार ऐकताही येतो. तिथे जोराची छोटी उभी रेघ सिलॅबलच्या आधी असते, नंतर नाही. एवढं बघून वाचा.