कादंबरीतून फ्रेंच शब्द शिकतंय का कोणी? आमची गाडी अकराव्या प्रकरणात अडकलीय (सांगली)

कृष्णाकाठ_२२:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण आहोत, तीन सांगलीचे दोन मिरजेचे, फ्रेंचची बी-वन परीक्षा झालीय आणि आता पुढच्या पातळीची, बी-टूची तयारी चाललीय. क्लास ऑनलाइन, गावात फ्रेंच बोलायला माणूस सापडत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी आमराईत जमतो. पाठ्यपुस्तकातले शब्द पाठ झाले पण जरा वरच्या लेव्हलचं काही समोर आलं की त त प प होतं, म्हणून ठरवलं की एक कादंबरी धरायची आणि सगळ्यांनी मिळून तिच्यातले शब्द काढायचे. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाची फेरी घेतली, १८७३ ची आहे त्यामुळे नेटवर फुकट मिळते आणि गोष्ट सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत होती. ३७ प्रकरणं आहेत, आम्ही ११ व्यात आहोत.

तर झालंय असं की अडला शब्द की टाक शीटमध्ये, असं करत करत शीटमध्ये नऊशेच्या वर शब्द झालेत आणि उजळणी कोणीच करत नाही. आमच्यातला एक जण म्हणतो एकही शब्द सोडायचा नाही, दुसरी म्हणते डिक्शनरी बंद करा आणि नुसतं वाचत सुटा, गेल्या रविवारी यावरून भडंग खाता खाता जवळपास भांडणच झालं. त्यात माझी फजिती वेगळीच. एका वाक्यात पी-यू-टी असं आलं, मी ते इंग्लिशमधलं पुट समजून 'ठेवलं' असा अर्थ लावून मोकळी, आणि अख्खं वाक्य पुढे लंगडत गेलं. नंतर कळलं ते पुवार, म्हणजे 'शकणे', त्याचं पासे सँप्ल (एक भूतकाळ) आहे आणि त्याचा उच्चार प्यु.

कुठले शब्द ठेवायचे, कुठले सोडायचे? आणि अर्थ इंग्लिशमध्ये लिहायचा की मराठीत? आम्ही आत्तापर्यंत इंग्लिशमध्येच लिहितोय.

मिरज_जंक्शन:
तुमचं ते प्यु वालं वाक्य मला माहितीय, बुऱ्हाणपूर स्टेशनचं ना? पासपार्तूचे, म्हणजे फेरीला निघालेल्या फॉगच्या नोकराचे, बूट मुंबईत मलबार हिलच्या देवळात गेलेले असतात, बूट घालून आत शिरला म्हणून पुजाऱ्यांनी हाणला आणि बूट काढून घेतले, मग बुऱ्हाणपूरला गाडी थांबल्यावर तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो, आणि त्या घेतो 'आ प्री दॉर'. आता बघा, शब्दाला शब्द लावला तर ते होतं 'सोन्याच्या भावाने', आपली आई मंडईतून आली की कोथिंबिरीबद्दल हेच म्हणते की!! हे शीटमध्ये ठेवायचं. सपातांना शब्द आहे बाबूश, तोही ठेवा, आजही चालतो. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी हत्तीच्या दोन्ही अंगाला बसायला काहीतरी बांधतात त्याला व्हर्न काकोले म्हणतो, तो शब्द तुमच्या शीटमध्ये असेल तर आत्ताच्या आत्ता उडवा, तुम्ही काय फ्रान्समध्ये जाऊन हत्तीवर बसणार आहात का?

माझा नियम साधाय, शब्द पुस्तकात तीन वेळा भेटला तर शीटमध्ये, पहिल्यांदा भेटला की नुसती पेन्सिलीने रेघ. आणि सुटा शब्द कधीच लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. प्री दॉर एकटा लक्षात राहत नाही, पण बुऱ्हाणपूरच्या सपाता राहतात.

हळदीचं_पोतं:
थोडं अवांतर. पुस्तकाच्या नावातच कात्र-वँ आहे, चार वीस म्हणजे ऐंशी, आणि नव्वद म्हणजे चार वीस दहा. क्लासमध्ये सगळे डोकं धरून बसले होते, मला काहीच वाटलं नाही कारण आमची आजी पैसे तसेच मोजायची, 'तीन इसा आन् धा' म्हणजे सत्तर. आजीला शाळा माहीत नव्हती पण पॅरिसच्या हिशेबात चुकली नसती 😄

वाईकर_मास्तर:
कृष्णाकाठ ताई, पासे सँप्लचं सांगतो, मी बरीच वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवलं, आता वाईला असतो. हा काळ बोलण्यात नाही, तो पुस्तकातच राहतो. आपण तरी बोलताना 'तो रोज नदीवर जाई' म्हणतो का, 'जायचा' म्हणतो, पण गोष्टीत 'जाई' वाचलं की अडत नाही. (अर्थाने 'जाई' हे त्यांच्या ॲंपार्फेच्या (सवयीच्या भूतकाळाच्या) जवळचं, मी फक्त पुस्तकी बाजाबद्दल बोलतोय, नाहीतर उद्या कोणीतरी मला पकडेल.) तर हा काळ लिहिता यायलाच पाहिजे असं नाही, बी-टूच्या लेखनात पासे कोंपोझे, म्हणजे बोलण्यातला भूतकाळ, भरपूर झाला. ओळखता मात्र आला पाहिजे. त्यातली छोटी छोटी रूपं घात करतात. फ्यु म्हणजे होता, फी म्हणजे केलं, स्यु म्हणजे कळलं, द्यु म्हणजे करावं लागलं. आणि व्ही तर दोन्हीकडचं, 'पाहिलं' पण तेच आणि 'जगतो' पण तेच, स्पेलिंगसुद्धा एकच, तिथे मागचं पुढचं वाक्य बघायचं, इलाज नाही. अशी पंधरावीस रूपं एका कागदावर लिहा आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवा, डिक्शनरीत ती मूळ क्रियापदाखाली असतात त्यामुळे नवख्या माणसाला सापडत नाहीत.

आणि अर्थ मराठीतच लिहा. इंग्लिश जवळचं वाटतं तिथेच पाय घसरतो. लिब्रेरी म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचं दुकान. आक्च्युएलमाँ म्हणजे ॲक्च्युअली नव्हे, सध्या.

भावा_विषय_हार्ड:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. दीडशे वर्षांपूर्वीच्या बोटी आणि आगगाड्या वाचून बी-टू होतंय व्हय? परीक्षेत मत मांडायला लावतात, पर्यावरण, घरून काम, मोबाईल असलं. त्यापेक्षा रोज एक फ्रेंच बातमी वाचा. पाच जणांचे पाच रविवार हत्तीच्या भावात गेले.

मिरज_जंक्शन:
भावा हत्तीचा भाव हाच तर मुद्दा आहे, फॉग भाड्याला ताशी दहा पौंडांपासून सुरू करतो आणि शेवटी दोन हजार पौंडांना हत्तीच विकत घेतो, त्या घासाघिशीत नकार देणे, हट्ट धरणे, बोली वाढवणे सगळं येतंय. बातमीत असलं ओघात कुठं मिळतं? पण बातमी पण वाचायला पाहिजे हे मान्य, दोन्ही करा.

कृष्णाकाठ_२२:
सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचे जास्त. काल रात्री बसून शीट साफ केली, काकोले गेला, नऊशेचे दोनशे चाळीस राहिले. साफ करताना एक सापडलं ते सांगते. फॉगसाठी फ्लेगमातिक आलाय, आम्ही समोर इंग्लिश अर्थ लिहिला होता फ्लेगमॅटिक, आणि तो शब्द पाचांपैकी एकालाही माहीत नव्हता, म्हणजे न कळणाऱ्याचा अर्थ न कळणारा! आता तिथे लिहिलंय 'ढिम्म'. जग इकडचं तिकडे झालं तरी हा माणूस ढिम्म.

अजून एक, अकराव्याच प्रकरणात गाडी कल्याणहून निघते तेव्हा खंडाळा आणि पुण्याच्या फाट्याचा उल्लेख आहे, आम्ही तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ओरडलो. पुण्याच्या पुढे फाटा मिरजेपर्यंत आणला असता तर काय बिघडलं असतं व्हर्नचं.

भावा_विषय_हार्ड, तू सांगलीतलाच दिसतोयस, रविवारी आठला ये आमराईत, बातमी तू आण. भडंग आम्ही आणतो.

भावा_विषय_हार्ड:
आठ लई लवकर होतंय. साडेआठ करा.