चर्चला व्हिजन स्टेटमेंट लागतंच का?

नगरकर: सलाम मंडळी. आमची तरुण पोरं मागे लागलीत की व्हिजन स्टेटमेंट करून गेटवर लावू, जुने म्हणतात बायबलात मत्तय २८:१९ आहे की, 'सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा', अजून काय पाहिजे. तुमच्याकडे काय लिहिलंय?

सोलापुरी: सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले ना तुम्ही? १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली, ब्रीद आहेच, ऐक्य, साक्ष, सेवा. पुरे की.

जालनेकर: अहो ते सगळ्यांचंच झालं, तुमचं चर्च तुमच्या गल्लीत यंदा काय करणार ते लिहा. आम्ही एकच ओळ लिहिली, वस्तीतल्या पोरांसाठी रोज संध्याकाळी अभ्यासिका. 'जगाचा प्रकाश होऊ' छाप नको, कोणी वाचत नाही.

नगरकर: आणि लाइटबिल?

जालनेकर: अर्पणातून, त्यावरूनच पुढची मीटिंग गाजणारे 😄