शब्दचर्चा : ‘मेस्त्निचेस्त्वो’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सोव्हिएत संघाविषयी वाचताना ‘मेस्त्निचेस्त्वो’ हा रशियन शब्द वारंवार भेटतो. मराठीत त्यासाठी कोणी ‘प्रांतीयता’ लिहितात, कोणी ‘प्रादेशिक अस्मिता’, तर कोणी नुसते ‘प्रांतांचा असंतोष’ लिहून वेळ निभावून नेतात. यांपैकी कोणता शब्द योग्य, आणि मॉस्कोविषयी ठिकठिकाणी जो राग साचत गेला त्याला वेगळा शब्द हवा का?

प्रतिसाद १

‘अस्मिता’ प्रथम बाजूला ठेवावी. अस्मिता ज्याची तो अभिमानाने सांगतो. ‘मेस्त्निचेस्त्वो’ मात्र कोणी स्वतःविषयी सांगत नसे, तो दुसऱ्यावर ठेवायचा आरोप होता. शब्द मुळात जुना आहे. झारच्या दरबारात घराण्याच्या मानानुसार पदे देण्याची जी पद्धत 1682 मध्ये रद्द झाली, तिचे हे नाव. ‘मेस्तो’ म्हणजे जागा. सोव्हिएत काळात त्याचा अर्थ बदलून ‘राज्याच्या हितापुढे आपल्या भागाचे हित रेटणे’ असा झाला.

या शब्दाला सुगीचे दिवस आले ते सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांच्यामुळे. 1957 मध्ये त्यांनी मॉस्कोतील बहुतेक औद्योगिक मंत्रालये मोडून शंभराहून अधिक आर्थिक प्रदेश आखले आणि कारखान्यांचा कारभार त्या त्या प्रदेशाच्या परिषदेकडे, म्हणजे ‘सोव्हनार्खोज’कडे सोपवला. मग व्हायचे तेच झाले : परिषदा पोलाद, यंत्रे, सुटे भाग आधी आपल्याच कारखान्यांना पुरवू लागल्या आणि दूरच्या प्रदेशांची मागणी मागे पडू लागली. 1958 मध्ये ठरलेला माल दुसऱ्या प्रदेशाला न पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूद झाली, आणि 1965 मध्ये परिषदा गुंडाळून मंत्रालये पुन्हा स्थापन झाली. अधिकार आधी वाटायचे आणि कोणी ते वापरले की त्याला दोषी धरायचे, असा हा प्रकार असल्यामुळे सरकारी कागदाच्या भाषांतरात मी ‘स्थानिक स्वार्थ’ लिहीन. त्यातला ठपका मराठी वाचकाला लगेच कळतो.

‘प्रांतीयता’ हाही आरोपाचाच शब्द आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्यांनी तो पुरेसा ऐकलेला आहे. परंतु त्यातून भाषेचा वाद ध्वनित होतो, तर इथे भांडण बहुधा सिमेंटचे असे.

प्रतिसाद २

सिमेंटपुरते हे विवेचन पटते. लाटव्हियाची राजधानी रीगाला ते लागू पडत नाही. लाटव्हियाच्या मंत्रिपरिषदेचे उपाध्यक्ष एदुआर्द्स बर्कलाव्स आणि त्यांचे सहकारी पक्के कम्युनिस्ट होते. बाहेरून कच्चा माल व कामगार आणावे लागतील असे अवजड उद्योग वाढवू नयेत, रीगात येऊन स्थायिक होणाऱ्यांवर मर्यादा असावी आणि अधिकाऱ्यांनी लाटव्हियन भाषा शिकावी, असा त्यांचा आग्रह होता. 1959 मध्ये बर्कलाव्स यांना पदावरून काढून रशियातील व्लादिमीर येथे पाठवण्यात आले आणि त्या वर्षअखेरीस पक्षाची सूत्रे आर्विद्स पेल्शे यांच्याकडे गेली. बर्कलाव्स आणि सहकाऱ्यांवरचा ठपका निव्वळ स्थानिक स्वार्थाचा नव्हता, तर ‘बूर्ज्वा राष्ट्रवादा’चा होता, आणि तो कितीतरी भारी होता. लोकसंख्येतील लाटव्हियनांचे प्रमाण 1959 मध्ये सुमारे 62 टक्के होते, ते 1989 पर्यंत 52 टक्क्यांवर आले. हे पाहता त्यांची चिंता काल्पनिक म्हणता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र ‘प्रादेशिक’ आणि ‘प्रांत’ या शब्दांनाच आहे. 1940 मध्ये सैन्य घुसवून जोडून घेतलेला देश हा प्रांत कसा? मॉस्कोविषयीच्या त्या भावनेला ‘प्रादेशिक असंतोष’ म्हणणे म्हणजे मॉस्कोचाच नकाशा मान्य करणे होय.

प्रतिसाद १ (पुढे)

आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच ‘प्रादेशिक’ हे विशेषण मी खुद्द रशियाच्या भागांसाठी राखून ठेवेन, कारण तिथेही मॉस्कोवर राग होताच, हे आपण अनेकदा विसरतो. राजधानीची दुकाने त्यातल्या त्यात भरलेली असत आणि आसपासच्या शहरांतील माणसे मांस, सॉसेज आणायला तिथवर जात. त्यावरचा उखाणा प्रसिद्ध आहे : लांब, हिरवी आणि सॉसेजचा वास येणारी वस्तू कोणती? उत्तर : मॉस्कोहून येणारी लोकल गाडी. हे विनोदात चालले तोवर मी त्याला ‘खदखद’ म्हणेन. जुलै 1989 मध्ये सायबेरियातील कुझबास या खाणपट्ट्याचे कोळसा कामगार संपावर गेले, खाणीतून काळे होऊन बाहेर पडल्यावर अंग धुवायला साबणसुद्धा मिळत नाही ही त्यांची एक तक्रार होती, आणि आपल्या खाणींना मंत्रालयापासून आर्थिक स्वायत्तता हवी अशी मागणी त्यांनी केली. तिथे ‘रोष’ हाच शब्द हवा. ‘आकस’ मात्र टाळावा, कारण त्यात राग धरणाऱ्याचेच मन कलुषित असल्याची सूचना आहे.

‘केंद्र’ शब्दाची अडचण नाही. रशियनमध्येही ‘त्सेंत्र’ म्हटले की मॉस्कोची सत्ता समजली जाई, आणि ‘केंद्राने निधी अडवला’ हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.